कांचेंतील समुद्र

पात्र म्हटलें कीं त्यांत कांहीं तरी मावावें, ही अपेक्षा आम्हांस तरी सोडवत नाहीं. अमेरिकन कांचकार डेल चिहुली यांनीं १९८० सालीं आरंभिलेल्या ‘सीफॉर्म्स’ या पात्रमालेपुढें ती फोल ठरते. लहरत्या कांठांच्या, एकींत एक बसविलेल्या या पातळ वाट्यांत पाणी ठेवावें असें कोणास वाटणार नाहीं. त्याच नुकत्या पाण्यांतून काढल्या असाव्यात असें मात्र वाटतें.

निसर्गाचें अनुकरण म्हणून त्यांची वाखाणणी होते. आमचें मत निराळें आहे. हुबेहूब नक्कलच पाहावयाची तर लिओपोल्ड व रुडोल्फ ब्लाश्का या पितापुत्रांचे कांचेचे समुद्रजीव पाहावे, किंवा हार्वर्ड विद्यापीठासाठीं केलेलीं फुलें पाहावीं. पिता १८९५ सालीं वारल्यावरही पुत्रानें तें काम १९३६ पर्यंत चालविलें. तेथें पाकळी न् पाकळी विद्यार्थ्यांस शिकविण्याकरितां बेतलेली आहे. चिहुली यांची रीत वेगळी. फुंकणीच्या टोकावरील तप्त रसाचा गोळा उभ्या कंगोऱ्यांच्या साच्यांत फुंकतात. त्या कंगोऱ्यांच्या बळावर कांच अतिशय पातळ फुगविली तरी तग धरते. पुढें फुंकणी गरगर फिरविली कीं कांठ पसरतो आणि स्वतःच्याच भारानें लवतो. शिंपल्याच्या कंगोऱ्यांचें कामही हेंच, थोड्या द्रव्यांत बळकटी आणणें. तेव्हां साम्य आहे तें घडण्यांतलें. दिसण्यांतलें त्याच्या मागोमाग आलें.

१९७६ च्या मोटार-अपघातांत चिहुली यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टि गेली, १९७९ मध्यें खांदा दुखावला, आणि फुंकणी सहकाऱ्यांच्या हातीं गेली. मग कृति कोणाची, असा आक्षेप आम्हीं आमच्याच मित्रमंडळींत ऐकला आहे. नाटककार रंगभूमीवर उभा राहत नाहीं म्हणून नाटक नटाचें ठरवावें काय? तथापि नटास टाळी मिळते. फुंकणाऱ्यांच्या श्वासासही ती मिळाली पाहिजे.

खरा दोष आम्हांस दुसरीकडे दिसतो. लास व्हेगास येथील बेलाजिओ हॉटेलच्या छतास १९९८ सालीं त्यांचीं सुमारें २,००० कांचफुलें लागलीं. तेथें एकेका कांठाचें लवणें कोण पाहणार? डोळ्यांत भरतो तो थाट. त्यापेक्षां पांच-सहा वाट्यांचा एखादा संच, ज्यांत धाकटी थोरलीच्या कुशींत कलंडलेली आहे, साध्या खिडकीच्या उजेडांत ठेवावा. कांठावर ओढलेला दुसऱ्या रंगाचा बारीक धागा तेव्हांच दिसतो.