संमेलनातील अनुपस्थित लेखक

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील एक प्रसंग गमतीदार आठवण म्हणून वारंवार सांगितला जातो. त्याचा वाङ्मयीन अर्थ मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत विष्णू नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे नाव घडविले होते. हस्ताक्षरही दुसऱ्याचे होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या लेखनाची दखल घेतली. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा प्रकृतीमुळे ते मांडवात येऊ शकले नाहीत. दोन्ही वेळी संहिता हजर आणि लेखक गैरहजर! दुसरी गैरहजेरी केवळ दुर्दैवाची. पहिली मात्र आपल्या साहित्यव्यवहाराविषयी बरेच सांगणारी आहे.

अमेरिकेत विज्ञानकथेची संमेलने वाचकांनी उभारली. नियतकालिकांतील पत्रव्यवहारातून एकमेकांचे पत्ते मिळालेले वाचक मंडळे काढू लागले आणि १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले. १९५३ पासून दिले जाणारे ह्यूगो पुरस्कार तेथील सदस्यांच्या मतांवर ठरतात. तेथे जाणारा लेखक व्यासपीठावरून बोलतो खरा, पण त्याच्याशी हुज्जत घालणारा वाचक त्याच्याइतकाच तयारीचा असतो. आपल्याकडे हा वाङ्मयप्रकार स्थिरावला तो विज्ञानप्रसार करणाऱ्या संस्थेच्या स्पर्धेतून आणि दिवाळी अंकांतून. म्हणजे त्याचा पहिला वाचक परीक्षक होता. विज्ञान बरोबर आहे ना, हा प्रश्न आधी. माणसे जिवंत आहेत का, हा नंतर. आपल्या पुष्कळ विज्ञानकथांत एक पात्र दुसऱ्याला पान-दीड पान सिद्धान्त समजावून सांगते, याचे कारण केवळ लेखकाच्या उणिवेत शोधणे अन्यायाचे होईल. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या चांगल्या कथा हा भार झुगारतात; पण तो होता, हे त्यांच्या कथांवरूनही जाणवते.

साहित्य संमेलनात या लेखकाच्या वाट्याला फार तर एखादा परिसंवाद येतो, आणि विषय बहुधा 'विज्ञानसाहित्याची गरज' असा. कवितेची गरज सिद्ध करण्यासाठी कवीला कोणी मांडवात बोलावीत नाही.

प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न जालन्यातून पाहताना अधिक बोचतो. जालना हे बियाण्यांचे शहर. महिको येथे १९६४ साली स्थापन झाली. २००२ मध्ये भारतात व्यापारी लागवडीसाठी मान्यता मिळालेले पहिले बीटी कापूस वाण तिच्याशी निगडित. एका जिवाणूचे जनुक परभणी-जालन्याच्या काळ्या रानात उगवले, पुढे गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. कल्पितविज्ञानाला याहून मोठा विषय कोणता हवा? उद्या जालन्यात विज्ञानकथाकारांचे संमेलन भरले, तर समोर बसलेला कापूस उत्पादक लेखकाला जनुक म्हणजे काय हे विचारणार नाही. ते त्याला ठाऊक आहे. बियाण्याच्या पिशवीपासून सावकाराच्या ओट्यापर्यंतचा त्याचा हंगाम तुमच्या कथेत का नाही, एवढेच तो विचारील.