कापूस-तंतूंची परिपक्वता आणि अवरक्त प्रतिमांकन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरील एकच पेशी होय. ती प्रथम लांबीने वाढते. त्यानंतर आतील बाजूस सेल्युलोजचे थर साचून दुय्यम भित्तिका जाड होते. हे जाड होणे म्हणजेच तंतूची परिपक्वता. अपरिपक्व तंतू रंग नीट धरत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात आणि रंगविलेल्या कापडावर पांढुरके ठिपके दिसतात.

प्रचलित मापनातील उणीव :
बाजारात मायक्रोनेअर हा अंक प्रमाण मानला जातो. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडून तिला होणारा विरोध मोजणे, हे त्याचे तत्त्व होय. तथापि तलम पण परिपक्व आणि जाडसर पण अपरिपक्व अशा दोन्ही तंतूंचा अंक सारखाच येऊ शकतो. भारतात २९.५ ते ३०.५ मि.मी. लांबीच्या कापसाच्या हमीभावाशी ३.५ ते ४.३ ही मायक्रोनेअरची कक्षा जोडलेली आहे. परिणामी वाणाच्या आनुवंशिक तलमपणाचा दंड शेतकऱ्यास भरावा लागण्याचा संभव राहतो.

अवरक्त पद्धतीचे मूल्यमापन :
या पद्धतीत तंतूच्या प्रतिमेतील प्रत्येक बिंदूचा वर्णपट घेतला जातो. परिपक्व तंतूत सेल्युलोजचे प्रमाण अधिक, तर अपरिपक्व तंतूत प्राथमिक भित्तिकेतील मेण, पेक्टिन व प्रथिने यांचा वाटा तुलनेने अधिक असतो. कॉस्टिक सोड्याने तंतू फुगवावे लागत नाहीत आणि सरासरीऐवजी एकेका तंतूतील फरक कळतो, हे तिचे निर्विवाद गुण होत.

परंतु तीन आक्षेप विचारात घ्यावे लागतात. पहिला, पीअर्स व लॉर्ड यांनी १९३९ मध्ये परिपक्वता भूमितीने मांडली : भित्तिकेच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि तेवढाच परिघ असलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर. अवरक्त किरण मात्र रासायनिक घटक मोजतात. दुसरा, सेल्युलोजचे प्रबळ शोषण सुमारे ८ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीस होते आणि तंतूची रुंदी साधारण १२ ते २० मायक्रोमीटर असते. त्यामुळे भित्तिकेची जाडी प्रतिमेत प्रत्यक्ष दिसत नाही. ती अनुमानानेच ठरते. तिसरा, एक ग्रॅम रुईत सुमारे दोन लाख तंतू असतात आणि गाठ १७० किलोची असते. मोजक्या तंतूंवरून गाठीचा निर्णय देणे धाडसाचे ठरेल.

शिवाय या पद्धतीचे अंशांकन मायक्रोनेअरवरच केले, तर जुनी संदिग्धता नव्या उपकरणात तशीच उतरेल.

निष्कर्ष :
सारांश, अवरक्त प्रतिमांकन हे बाजारातील प्रतवारीपेक्षा वाण-पैदाशीच्या संशोधनास आज अधिक उपयुक्त आहे. तंतूंच्या प्रत्यक्ष छेदांशी ताडून पाहिल्यास, तलम आणि अपरिपक्व यांतील वाद सोडविण्याचे ते विश्वसनीय साधन ठरू शकेल. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांनी यात एकत्र लक्ष घालणे अगत्याचे आहे. कारण दशांश चिन्हानंतरच्या एका अंकावर येथे कापूस उत्पादकाचा भाव ठरतो.