गणतीत न धरलेला माणूस

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने करसवलतीवर काय बोलावं, असं आपल्याला वाटेल. पण ‘माणूस म्हणून कुणाला मोजायचं’ हा प्रश्न आम्ही वर्गात वर्षानुवर्षं घोळवला. ब्रिटनच्या कौन्सिल टॅक्सच्या कायद्यात तो थेट बिलाच्या रूपाने येतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आता स्मृतिभ्रंश झालेले आईवडील आहेत. म्हणून आज त्या कायद्याचं वाचन.

आपली घरपट्टी घरावर बसते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १९९३ पासून असलेला हा कर घराबरोबर डोकीही मोजतो. घरात दोन प्रौढ आहेत असं धरून पूर्ण बिल येतं. एकच असेल तर २५ टक्के सूट. पण १९९२ च्या कायद्यात काही माणसं गणतीत धरायची नाहीत असं म्हटलंय. त्यांत ‘गंभीर मानसिक दुर्बलता’ असलेले लोक येतात. म्हणजे नवऱ्याला स्मृतिभ्रंश असेल आणि बायको सोबत राहत असेल, तर बिल पाव हिश्शाने कमी होतं. असा माणूस एकटाच राहत असेल, तर कर पूर्ण माफ.

नुसतं निदान पुरत नाही. बुद्धी आणि सामाजिक वागणूक यांत गंभीर, कायमचा वाटणारा बिघाड आहे, असा डॉक्टरांचा दाखला लागतो. शिवाय अटेंडन्स अलाउन्ससारख्या ठरावीक भत्त्याला तो माणूस पात्र असावा लागतो. उत्पन्नाची अट नाही.

आमचा पहिला आक्षेप शब्दांवर आहे. ‘गंभीर मानसिक दुर्बलता’ हे वाचून घरचे बिचकतात. आपल्याकडे ‘म्हातारचळ’ म्हणून विषय संपवतात. तिथे ‘बाबा अजून आम्हाला ओळखतात, ही सही कशी करायची’ म्हणून अर्ज राहून जातो. हक्काच्या दारावर असा शब्द लिहिला, की माणसं दारातूनच परततात.

पण इथे कायद्याची बाजूही घेतली पाहिजे. जॉन लॉकने व्यक्तीची ओळख तिच्या जाणिवेच्या सातत्याशी जोडली. कायदा तिथवर जात नाही. गणतीत न धरण्याच्या त्याच यादीत पूर्णवेळ विद्यार्थीही आहेत. त्यांना कुणी माणसांतून वजा केलं असं आपण म्हणत नाही. बाबा घराचे मालक राहतात, रहिवासी राहतात. फक्त बिलाच्या हिशेबातून सुटतात.

खरा दोष आम्हाला दुसरीकडे दिसतो. आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणारी, सोबत राहणारी व्यक्तीसुद्धा, बाकी अटी पुऱ्या झाल्यास, गणतीतून वगळली जाते. आईला सांभाळणारी प्रौढ मुलगी त्यात बसते, आणि मग दोघींच्या घराला ५० टक्के सूट मिळते. नवऱ्याला सांभाळणारी बायको मात्र बसत नाही. रात्र रात्र जागणं तेच, पण पत्नीचं जागणं गृहीत! सेवा गृहीत धरण्याची ही खोड केवळ आपलीच नव्हे, एवढंच इथे कळतं.

तेव्हा भांडायचं ते या कलमाशी. अर्ज मात्र स्थानिक कौन्सिलकडे जरूर करावा, आणि सवलत मागील तारखेपासून मागावी. त्या सहीने बाबांचं माणूसपण कमी होत नाही. त्यांना सांभाळणाऱ्या घराचा भार तेवढा कमी होतो.