पडदा लावणारे आणि सिनेमा निवडणारे

आज मी सिनेमावर बोलणार आहे, पण सिनेमाचा अभ्यासक म्हणून नव्हे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन गावी आल्यावर, मालवणात आणि आसपासच्या वाड्यांवर सिनेमे दाखवणाऱ्या काही हौशी मंडळींत सामील झालो. यात पगारी माणूस एकही नाही. प्रोजेक्टर उसना, खुर्च्या शाळेच्या, पडदा शिवून घेतलेला. तेव्हा आज जी टीका करणार आहे, तिच्यात मी स्वतःही आरोपी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एका संध्याकाळची गोष्ट घेऊ. आम्ही संदीप सावंत यांचा 'श्वास' दाखवला. २००४ सालचा हा चित्रपट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात जातात. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झालाय आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला दिसणार नाही. मग शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला बाहेर, जग दाखवायला घेऊन जातात. चित्रपट सुरू होण्यापूर्वी मी प्रास्ताविक केलं. चांगलं पस्तीस मिनिटं. करुणरस, दिग्दर्शकाचा संयम, सगळं आलं त्यात. खाली उतरलो तर पुढच्या रांगेतली एक वयस्क बाई म्हणाली, "मास्तरानु, रडूचा खंय ता पण तुमीच सांगितलात. मगे आमी कित्याक इलव?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेला होता. पुढे त्यावर विचार केला. गोष्ट आधी कळली, ही तिची तक्रार नव्हती. दशावतार बघणाऱ्या माणसाला आख्यान माहीतच असतं. तो रात्रभर बसतो ते नटाने प्रसंग कसा रंगवला हे बघायला. लिखित संहिता नसते, संवाद उत्स्फूर्त असतात, आणि कुठला राजा कमी पडला यावर सकाळी चहाच्या टपरीवर निवाडा होतो. असा प्रेक्षक अडाणी कसा? तिचं म्हणणं इतकंच होतं की निवाडा करण्याचं तिचं काम मी आधीच उरकून टाकलं होतं.

सिनेमा संपल्यावर चर्चा झाली. मला वाटलं होतं चित्रीकरणावर बोलतील. बोलणं गेलं थेट बांबोळीला! आमच्या जिल्ह्यातला आजार हाताबाहेर गेला की माणूस गोव्यात बांबोळीला नेतात, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. एकीने दिराला नेल्याची हकीकत सांगितली. घरच्यांनी त्याला आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. आमच्यातले एक जण कुजबुजले, "विषयांतर होतंय." मीही मान हलवली.

ती मान हलवणं चूक होतं, असं आज मला वाटतं. कांटने १७९० साली सौंदर्यनिर्णयाची जी मीमांसा केली, ती मराठीत रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे आपल्याला परिचित आहे. कांट म्हणतो, सुंदर म्हणताना माझा वैयक्तिक हितसंबंध बाजूला हवा. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. पण तोच कांट असंही म्हणतो की 'हे सुंदर आहे' असं म्हणताना मी इतरांकडून सहमतीची अपेक्षा करतो. निर्णयात दुसरा माणूस गृहीत असतो. आपल्याकडे अभिनवगुप्ताच्या परंपरेत याला जवळचा शब्द आहे, साधारणीकरण: भाव माझाही उरत नाही, परक्याचाही उरत नाही.

आता त्या बाईकडे पाहा. सुरुवात तिने स्वतःच्या दिरापासून केली. शेवटी ती म्हणाली, आजोबांनी केलं ते बरोबर, आम्ही चुकलो. सभागृहात कुणी हो म्हणालं, कुणी नाही. खाजगी दुःखाचा निर्णय झाला तो तिथे, सगळ्यांच्या समोर. मोबाइलवर एकट्याने 'श्वास' बघून रडू येईल, पण हे घडणार नाही. गावात पडदा लावायचा तो यासाठी.

आणि नेमकी तेव्हाच अर्धी बायकामंडळी उठली. शेवटची एसटी! माझी पस्तीस मिनिटं त्यांनी ऐकून घेतली होती, त्यांची दहा मिनिटं मात्र मला देता आली नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रापण कशी चालते ते इथल्या माणसाला सांगायला नको. किनाऱ्यावरून जाळं ओढायला जो हात लावतो, त्याला वाटा असतो. आमच्याकडे खुर्च्या वाहतात ती पोरं, आणि सिनेमा निवडतो आम्ही, चार पेन्शनर. त्या पोरांना वाटा कसला? चहा-भजी आणि शेवटी आभार! वर्षभरात निम्मी पोरं यायची बंद झाली, तर आम्ही म्हणालो, हल्लीच्या मुलांना अभिरुची नाही. हा शुद्ध कांगावा होता.

याहून चांगले दाखले आहेत. शिमोगा जिल्ह्यातलं हेग्गोडू हे सुपारीच्या बागांचं खेडं. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या 'नीनासम'ने १९७३ मध्ये चित्रसमाज काढला आणि जगातले उत्तम चित्रपट शेतकऱ्यांपुढे ठेवले. केरळात जॉन अब्राहम आणि 'ओडेसा'च्या मंडळींनी गावोगाव सिनेमे दाखवून लोकांकडून पैसे जमवले आणि त्यातून 'अम्मा अरियान' हा १९८६ चा चित्रपट उभा राहिला. तिथला प्रेक्षक वर्गणीदार होता, म्हणजे भागीदार होता.

एक कटू गोष्टही बोलायला हवी. कुणाच्या तरी ओटीटीच्या पासवर्डवर सिनेमा लावणं ही लोकसेवा नव्हे. ते वर्गणीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं. सार्वजनिक खेळासाठी हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी घ्यावी लागते. नैतिकतेवर चर्चा करायची आणि सिनेमा मात्र चोरून दाखवायचा, हे शोभत नाही. पत्र लिहून विचारावं. नकार आला तर दुसरा चित्रपट.

तर माझ्या सूचना साध्या आहेत. प्रास्ताविक पाच मिनिटं, माझंसुद्धा. खेळ अशा वेळी सुरू करा की चर्चा संपल्यावरही एसटी मिळेल. निवडीच्या बैठकीत खुर्च्या उचलणाऱ्यांना मत असावं, आणि त्यांनी मला न आवडणारा सिनेमा निवडला तरी मी तो शेवटपर्यंत बसून बघावा. आणि तारीख ठरवताना जत्रा बघा. आंगणेवाडीची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल झाल्यावर कळते. त्या दिवशी पडदा लावलात तर समोर मी एकटाच असेन.

पुढचा सिनेमा पोरांनी निवडलाय. मला नाव अजून सांगितलेलं नाही. ते योग्यच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ. एसटी चुकवू नका मात्र.