टिकाऊ सॉफ्टवेअरचा हिशेब कोणाच्या वहीत?

चांगलं सॉफ्टवेअर बनवणं परवडतं का, असा प्रश्न निघाला की मार्टिन फाउलर यांचा २०१९ चा निबंध हमखास पुढे केला जातो. त्यांचं म्हणणं असं, की आतली बांधणी स्वच्छ असेल तर नव्या सोयी लवकर जोडता येतात. गचाळ कोडचा त्रास काही आठवड्यांतच जाणवायला लागतो. म्हणजे दर्जा उलट स्वस्त पडतो. मला हे पटतं. पण हा सगळा हिशेब बनवणाऱ्याच्या वहीतला आहे. विकत घेणाऱ्याची वही त्यांनी उघडलेलीच नाही.

ती आपण उघडू. युनिकोड रुळण्याआधी मराठी छापखाने, दैनिकं, प्रकाशक श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांवर चालत. अक्षरं सुबक होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येकाचे संकेत वेगळे. तो फॉन्ट नसेल तर फाइलीत नुसती रोमन गिचमिड दिसते. तुमच्या गावाचंच नाव घ्या ना. 'पिंगुळी'तली वेलांटी दिसते 'प'च्या आधी, म्हणून जुन्या फाइलीत ती आधीच साठवलेली. युनिकोडमध्ये आधी 'प', मग वेलांटी. त्यामुळे जुन्या फाइलींच्या ढिगात आज 'पिंगुळी' शोधलंत तर सापडणार नाही. आधी कन्व्हर्टर लावा, मग रफार नि जोडाक्षरं तपासायला माणूस बसवा. हा खर्च प्रकाशकाचा. विकणाऱ्याच्या वहीत तो चढतच नाही. गिऱ्हाईक अडकलं, हा त्याचा फायदाच.

बरं, हे अटळ होतं का? विंडोजमध्ये देवनागरी नीट यायला २००० साल उजाडलं, हे मान्य. पण इस्की हे भारतीय मानक १९९१ सालचं. मजकूर मानकात साठवायचा आणि दाखवायचं काम वेगळं ठेवायचं, ही विभागणी सी-डॅकच्या जिस्ट कार्डात होतीच.

आता एसक्यूलाइट बघा, तुमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. २००४ पासूनची त्याची फाइल आजही उघडते, आणि २०५० पर्यंत सांभाळायचा इरादा त्यांनी जाहीर केलाय. त्याचे पैसे मोठ्या कंपन्या भरतात. म्हणजे टिकाऊपणाला गिऱ्हाईक आहे, फक्त ते दांडगं लागतं. कुडाळातला एकटा छापखानावाला अट घालू शकत नाही. सरकारी खाती, विद्यापीठं, मोठी ग्रंथालयं घालू शकतात : सगळा मजकूर खुल्या मानकात बाहेर काढून दाखवा, मगच शेवटचा हप्ता.