कोळशातला सॉक्रेटिस, कोळशातला प्लेटो

तत्त्वज्ञाचं व्यक्तिचित्र काढायचं म्हणजे नेमकं काय काढायचं? राजा मुकुटावरून कळतो, योद्धा तलवारीवरून. पण विचार करणं हाच ज्याचा उद्योग, त्याचं काय दाखवणार? बहुतेक चित्रकार पांढरी दाढी आणि कपाळावर दोन आठ्या काढून मोकळे होतात. आज राफाएलच्या एका रेखाटनाच्या आधाराने आपण हा प्रश्न तपासून पाहू.

व्हॅटिकनमधलं ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे भित्तिचित्र आपण पुस्तकांतून पाहिलेलं असतं. त्याच्या मनुष्याकृतींचं पूर्ण आकाराचं पूर्वरेखाटन मिलानच्या अँब्रोसियाना संग्रहालयात आहे, हे त्यामानाने कमी लोकांना ठाऊक असतं. दोनशेहून अधिक कागद एकमेकांना चिकटवून केलेला हा पट आठ मीटर लांब आणि पावणेतीन मीटरहून उंच आहे. साधन काय, तर कोळसा आणि उजेडाच्या जागी थोडा पांढरा सफेदा. अशा रेखाटनाला इटालियनमध्ये ‘कार्तोने’ म्हणतात. आपल्या ‘कार्टून’ शब्दाचं मूळ तेच. फेदेरिको बोरोमेओ या कार्डिनलने १६२६ मध्ये ते विकत घेतलं. १७९६ मध्ये फ्रेंच फौजांनी ते पॅरिसला नेलं आणि नेपोलियनच्या पराभवानंतर ते परत आलं.

जवळून पाहिलं तर रेषांवर सुईची भोकं दिसतात. आपल्याकडे भरतकामाचा नमुना कापडावर उतरवतात ना, तीच युक्ती. भोकांवरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी फिरवायची, की खाली ठिपके उमटतात. पण हा कागद खुद्द ओल्या भिंतीला लावला नसावा, मधे दुसऱ्या कागदावर नमुना उतरवून घेतला असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणून तर तो वाचला.

आता सॉक्रेटिस पाहा. त्याचा चेहरा ओळखायला आपल्याकडे लेखी पुरावा आहे. बसकं नाक आणि बटबटीत डोळे, असं वर्णन प्लेटोच्या ‘थिएटिटस’मध्ये येतं. झेनोफनच्या ‘सिम्पोझियम’मध्ये तर सॉक्रेटिस स्वतःच गमतीने म्हणतो, की आपल्या वर वळलेल्या नाकपुड्यांना चहूबाजूंचा वास घेता येतो. राफाएलने ते नाक घेतलं. पण आमच्या मते त्याचं खरं यश नाकात नाही, बोटांत आहे. हा सॉक्रेटिस समोरच्यांना बोटांवर मुद्दे मोजून दाखवतो आहे: हे तुला मान्य? बरं, मग हेही मान्य करावं लागेल. त्याची सारी पद्धत त्या दोन हातांत आली! आणि समोर ऐकणारे नसते, तर त्या बोटांना काही अर्थच उरला नसता.

मधोमध उभ्या असलेल्या प्लेटोबद्दल मात्र आमची तक्रार आहे. त्याचं एक बोट वर आकाशाकडे. शेजारच्या ॲरिस्टॉटलचा पंजा पुढे, जमिनीला समांतर. वर्गात शिकवायला फार सोयीचं! एक आदर्शवादी, एक वास्तववादी, झालं. पण प्लेटोच्या संवादांत प्लेटो स्वतः कधी बोलतो का? एकदाही नाही. सॉक्रेटिसच्या मृत्यूची हकीकत सांगणाऱ्या ‘फीडो’त त्याचं नाव येतं तेही एवढंच सांगायला, की तो आजारी असल्याने तिथे नव्हता. ज्याने स्वतःला इतकं कटाक्षाने पडद्याआड ठेवलं, त्याला बोट वर करून उभं केलं की त्याचा प्रवचनकार होतो.

या चेहऱ्यात लिओनार्दो आहे, असंही सांगतात. असेलही. पण राफाएलने तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि या ओळखपरेडीत माणूस काय करतो आहे हे पाहायचंच राहून जातं.

याच प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात चित्रकाराला सत्यापासून तिसऱ्या पायरीवर बसवलं. खाटेचं मूळ तत्त्व पहिलं, सुताराची खाट दुसरी, चित्रातली तिसरी. पुढे तिसऱ्या शतकात प्लोटायनसने याच विचाराने स्वतःचं चित्र काढू द्यायला नकार दिला. देह हीच एक प्रतिमा, मग प्रतिमेची प्रतिमा कशाला? त्याच्या चरित्रात पॉर्फिरी सांगतो, की अमेलियस या शिष्याने मग कार्टेरियस नावाच्या चित्रकाराला गुरूच्या व्याख्यानांना आणून बसवलं. त्याने नीट निरखून पाहिलं आणि नंतर आठवणीतून चित्र काढलं. यातून आम्ही एवढंच घेतो: तत्त्वज्ञाचं चित्र काढायचं तर तो विचार करत असताना त्याच्याजवळ बसावं लागतं. राफाएलला ते शक्य नव्हतं. तरीही सॉक्रेटिसच्या बाबतीत तो संवाद ऐकत बसल्यासारखा वाटतो; प्लेटोच्या बाबतीत त्याने ऐकीव सारांशावर भागवलं.

आणखी एक गोष्ट. भित्तिचित्रातल्या त्या भव्य कमानी या कोळशात नाहीत. पायऱ्यांवर एकटाच, हनुवटी हातावर टेकून लिहीत बसलेला माणूस, ज्याला हेराक्लायटस म्हणतात, तोही नाही; तो नंतर भिंतीवर आला. त्याच्यात मायकेलअँजेलो शोधणारे पुष्कळ आहेत. आम्हांला त्याची रिकामी जागा जास्त बोलकी वाटते. या रेखाटनात सगळे कुणाशी तरी बोलताहेत किंवा कुणाचं तरी ऐकताहेत. अपवाद पायऱ्यांवर पसरलेल्या डायोजिनीसचा, आणि त्याला तो शोभतोही! विचार हा चारचौघांत, वाद घालत होतो, असं हा कोळसा म्हणतो. रंग आणि कमानी आल्यावर तेच चित्र थोरामोठ्यांचा दरबार होतं.

तेव्हा हे रेखाटन पाहाल तेव्हा एक करा. चेहरे तळहाताने झाका आणि आधी हात पाहा. कोण विचारतो आहे, कोण नुसतं सांगतो आहे, हे तुमचं तुम्हांलाच कळेल. मग आमच्याशी वाद घालायला या.