हिरव्या पाटीचे वाचन

समीक्षा कवितासंग्रहांच्या वाट्याला येते, सरकारी धोरणांच्या आणि जाहिरातींच्या वाट्याला क्वचितच. विजेच्या मोटारीभोवती गेल्या काही वर्षांत तयार झालेली भाषा मात्र बारकाईने वाचावी अशी आहे. तिच्यातला सर्वांत छोटा मजकूर म्हणजे या गाड्यांना २०१८ पासून मिळणारी हिरवी क्रमांकपाटी. पाटीवर आकडे-अक्षरांखेरीज काही नसते, पण रंग सांगायचे ते सांगतो: या गाडीला धूर नाही. देवळाली कॅम्पात लॅम रोडवर उभे राहून पाहिले तर ते खरेच आहे. इथे त्याला किंमतही जास्त, कारण या गावाची कीर्तीच हवेवर उभी आहे. पारशी, गुजराती, जैन मंडळींनी इथे सॅनिटोरियम बांधली ती या हवेसाठीच.

धूर गेला कुठे, हा पुढचा प्रश्न. नाशिकरोडच्या पलीकडे एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्र आहे; २१० मेगावॉटचे तीन संच. कॅम्पातल्या चार्जरमध्ये येणारी वीज नेमकी तिथलीच असते असे नाही, जाळ्यात सगळ्यांची वीज मिसळते. पण देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशातूनच येते. चाक लॅम रोडवर फिरते आणि राख कुठल्या तरी एकलहऱ्याच्या शिवारात साठते. ही वाटणी पाटीवर लिहिलेली नसते.

म्हणून विजेची मोटार फसवी ठरते का? मला तसे वाटत नाही. ‘इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन’ या संस्थेने २०२१ मध्ये गाडीच्या जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशोब मांडला. पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेच्या गाडीचे उत्सर्जन युरोपात ६६ ते ६९ टक्के कमी भरते, भारतात १९ ते ३४ टक्के. जाळ्यात सूर्य आणि वारा वाढतील तसा आपला आकडाही सुधारेल. काँगोतल्या कोबाल्टचा आक्षेपही आपल्याकडे सरसकट लागू पडत नाही. इथल्या बऱ्याच गाड्यांत लोह-फॉस्फेटची, कोबाल्ट नसलेली बॅटरी असते.

माझा आक्षेप आकारावर आहे. मध्यम मोटारीच्या बॅटरीत साधारण चाळीस युनिट वीज मावते, स्कूटरच्या बॅटरीत तीन. म्हणजे एका मोटारीच्या लिथियममध्ये डझनभर स्कूटर होतात. मोटारीत बहुतेक वेळा माणूस एकच, आणि जायचे कुठे, तर सहा-सात किलोमीटरवरच्या नाशिकरोडला! राज्याच्या २०२१ च्या धोरणाने लक्ष्य ठेवले ते २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत दहा टक्के वाहने विजेची असावीत, असे. म्हणजे मोजली वाहने. प्रवास कोणी मोजला? २०२५ च्या धोरणात विजेच्या चारचाकीला समृद्धी महामार्गावर टोलमाफी आली. ई-बसलाही ती आहे, हे कबूल. पण ज्याच्याकडे मोटार नाही आणि जो बसथांब्यावर उभा आहे, त्याच्या थांबण्याचा वेळ त्यातून कमी होत नाही. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत इथल्या छावणीत कुजणाऱ्या गोऱ्या सैनिकांमुळे देवळालीचे नाव ‘डुलाली’ होऊन इंग्रजीत वेडसरपणासाठी रूढ झाले. वाहनाची वाट पाहण्याचा या गावाचा अनुभव असा जुना आहे.

गंमत म्हणजे बॅटरीवाचून चालणारे विजेचे वाहन इथून रोज जाते. मुंबईहून विजेचे इंजिन १९३० पर्यंत इगतपुरीला पोचले होते, पुढे तारा देवळालीवरून भुसावळपर्यंत गेल्या. तारेवरच्या गाडीला लिथियम लागत नाही. देशातली पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी याच स्थानकातून बिहारमधल्या दानापूरला निघाली. भाजी इतक्या लांब जाऊ शकते; नाशिकरोड तर पुढचेच स्थानक, पण रोज ये-जा करणाऱ्याच्या सोयीने वेळापत्रक आखावे असे कोणाला वाटलेले दिसत नाही.

रस्त्यावरची कथा याहून वेगळी नाही. नाशिक शहर ते नाशिकरोड स्थानक अशी घोड्यांची ट्राम एके काळी होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २०९२ कोटींचा उल्लेख झाला. रबरी चाकांची आणि वरच्या तारेवर चालणारी ‘निओ’ ही कल्पना मला आजही आवडते, पण ती कागदावरून उतरलेली नाही. त्याच वर्षी जुलैत महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली, बहुतेक गाड्या सीएनजीच्या. हिरवी पाटी त्यांना नाही. तरीही चाळीस माणसे घेऊन जाणारी सीएनजीची बस एकट्या माणसाच्या विजेच्या मोटारीपेक्षा दरडोई किती तरी कमी जाळते, आणि जागाही कमी अडवते. २०१५ साली नाशिकच्या महाजन बंधूंनी सायकलवरून अमेरिका पार केली तेव्हा आपण त्यांचे कौतुक केले, आणि ते रास्तच होते. कॅम्पातून भगूरच्या शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलीसाठी मात्र रस्त्याच्या कडेला पांढरी रेघही आखलेली नाही. तिच्या सायकलला बॅटरी लागत नाही, अनुदान लागत नाही. मागून येणाऱ्या गाडीची पाटी कोणत्या रंगाची, याने तिला काही फरक पडत नाही.